चहा येईपर्यंत : ठाणे-नवी मुंबईत नव्याने आपलं काम दाखवू लागलेल्यांसाठी

महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला आम्ही पंधरा-वीस जण नौपाड्यात एका मैत्रिणीच्या कथकच्या क्लासात जमतो. दोन नेपथ्यवाले, तीन-चार फोटोग्राफर, एक आवाज देणारी, अनुवाद करणारे एक निवृत्त मास्तर, ऐरोलीहून येणारी मातीकामवाली, आणि मी. मी अक्षरं काढते. दुकानांच्या पाट्या, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, नाटकांची शीर्षकं, पत्रिका. नवीन आलेल्याला आम्ही मध्ये उभं वगैरे करत नाही, तो छळ झाला. पण खालून चहा येईपर्यंत त्याने आपल्याविषयी सांगायचं असतं: कुठून आलो, काय करतो, काम कुठे बघायला मिळेल.

सहा वर्षं हे ऐकतेय. दहातले आठ जण "मला लहानपणापासूनच कलेची आवड होती" इथून सुरुवात करतात. मग शाळेतल्या स्पर्धा येतात, आईबाबांचा पाठिंबा येतो, "पॅशन" येतं. तेवढ्यात चहाही येतो, आणि आम्हाला त्या माणसाविषयी इतकंच कळलेलं असतं की तोही एकेकाळी लहान होता.

काम वाईट असतं असं नाही. बरेचदा निघताना कुणीतरी फोनवर चारच चित्रं दाखवतं आणि आम्ही जिन्यात थबकतो: अहो, हे आधी का नाही दाखवलंत? ही जिन्यातली हळहळ टळावी म्हणून हे टिपण.

आधी पाठकोरा कागद

फोनवर नको, कागदावर. फोनवर लिहायला घेतलं की आपण दुसऱ्याचा बायो आठवून लिहितो. पाठकोरा कागद घेतला की माणूस जरा खरं लिहितो, कारण तो टाकूनच द्यायचा असतो.

चार गोष्टी लिहा. हाताने नेमकं काय करता. शेवटचं काम कुणासाठी केलंत. या कामापर्यंत कुठल्या रस्त्याने आलात. आणि पुढे काय करायला मिळालं तर आवडेल. पहिल्या उत्तरात "कलाकार", "क्रिएटिव्ह", "आर्टिस्ट" हे शब्द आले तर खोडा आणि क्रियापदाने लिहा. "मी इलस्ट्रेटर आहे" यापेक्षा "मी लहान मुलांच्या पुस्तकांत प्राणी काढते" हे ऐकणाऱ्याला दिसतं. मातीकामवाल्या आमच्या मैत्रिणीची ओळख "मी दही लागेल अशी भांडी करते" अशी आहे. यापुढे विचारायला काही उरत नाही, फक्त भांडं कितीला हे उरतं.

चौथं उत्तर बहुतेक जण गाळतात. मागायची लाज वाटते. पण "मला एकदा आख्ख्या नाटकाची प्रकाशयोजना करायची आहे" असं एका मुलीने आमच्याकडे सांगितलं, तेव्हा समोर दोन नेपथ्यवाले बसले होते. पुढचं सांगायला नको.

तिसऱ्या उत्तराशी मात्र थांबावं लागेल.

मूळचे कुठले?

आपल्याकडे हा प्रश्न साधा नसतो. आडनाव काय, गाव कुठलं, मग "म्हणजे तुम्ही अमक्यांपैकी का?" ही शिडी सगळ्यांना पाठ आहे. कुणी ती चढायला लागला तर तुम्ही मधल्याच पायरीवर उतरू शकता. "मूळचा सांगली जिल्ह्यातला, पण चित्रं कळव्यात शिकलो" एवढं सांगून कामाकडे वळा. बाकीचं सांगायला तुम्ही बांधील नाही. पण सांगावंसं वाटत असेल तर लाजून, अर्ध्या आवाजात सांगू नका.

माझंच बघा. या कामात येण्याआधी मी वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत नऊ वर्षं हिशेब लिहिले. डेबिट, क्रेडिट, मार्चअखेर. अक्षरांच्या कामाला लागले तेव्हा ही नऊ वर्षं मी चक्क गिळून टाकली. कुणी विचारलं तर "आधीपासून हेच." न जाणो, हौशी समजतील! पुढे एका संस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत सजवायचा होता आणि त्यांचा आधीचा डिझायनर ताळेबंद बघून पळाला होता. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, "तक्त्यांची भीती नाही, नऊ वर्षं तेच केलंय." काम मिळालं. आज माझ्या वर्षाच्या कमाईतला मोठा भाग अशा आकड्यांनी भरलेल्या कामांचा असतो. आणि मी ते चार वर्षं लपवत होते.

तेव्हा मधली नोकरी, मुलांसाठी घेतलेली सात वर्षं, वडिलांचं दुकान, बीपीओतल्या रात्रपाळ्या हे काढून टाकू नका. एकेका वाक्यात लिहा. रडगाणं नको आणि पोवाडाही नको.

शिक्षणाचंही तसंच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून शिकलेले ते पहिल्या वाक्यात सांगतात आणि न शिकलेले पहिल्या वाक्यात त्याची माफी मागतात. संस्था १८५७ पासूनची आहे, दबदबा असणारच. पण माफी कशाला? जी. डी. आर्ट, ए. टी. डी. अशी कलेची पदविका असेल तर लिहा, कुणाच्या हाताखाली शिकलात तेही लिहा. पाटीवाल्या रंगाऱ्याकडे दोन उन्हाळे डबे धुतले असतील तर ते तर लिहाच. फक्त एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे ग्रेड तिशीनंतर काढून टाका. आम्ही सगळ्यांनी त्या परीक्षा दिल्यात.

घणसोलीचा मुलगा

दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता, पंचविशीतला. "हाय, मी इंडिपेंडंट म्युझिक प्रोड्यूसर अँड कंटेंट क्रिएटर आहे, मी डिफरंट जॉनर्स एक्सप्लोअर करतो." मास्तरांनी चष्मा काढून पुसला. हे त्यांचं कंटाळल्याचं लक्षण. मी विचारलं, गाणी कसली? तो म्हणाला, "फ्यूजन." कसली फ्यूजन? मग जरा खाली बघून: "हळदीची."

पुढचं तासभर आम्ही त्याला सोडला नाही. निघालं ते असं. तो घणसोली गावातला, आगरी. त्यांच्याकडे लग्नविधींत धवलारीण धवले गाते आणि त्याची आजी धवलारीण होती. तिचे धवले त्याने शेवटच्या वर्षी फोनवर रेकॉर्ड करून ठेवले. आता त्या चालींना ढोलकी आणि कीबोर्ड लावून तो हळदीची गाणी करतो. सांगताना "आमचे गावान" असं तोंडातून निसटलं आणि त्याने जीभ चावली. मी म्हटलं, तोच शब्द ठेव.

नवी मुंबई सिडकोने वसवली खरी, पण ती ९५ गावांच्या जमिनीवर वसवली. सेक्टर आणि नोडच्या नकाशात ती गावं अजून आहेत, आणि त्यांच्या पोराने स्वतःची ओळख करून देताना गाव लपवावं हे मला पटत नाही. त्याने त्या दिवशी लिहिलेली ओळख आजही तो वापरतो:

"मी घणसोलीचा. माझी आजी धवलारीण होती. तिच्याकडून ऐकलेल्या चालींवर मी हळदीची गाणी करतो. आतापर्यंत सात झाली. चाली तिच्या, वाद्यं माझी. तुमच्या घरात कुणी धवले गाणारी असेल तर मला ऐकायला यायचं आहे."

शेवटच्या वाक्यावर त्याला आतापर्यंत कितीतरी आज्या सापडल्या आहेत.

यातलं "चाली तिच्या, वाद्यं माझी" नीट बघा. ज्यांचं देणं आहे त्यांचं नाव घ्यायचं. वारलीच्या बाबतीत तर फारच. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता, त्यामुळे इकडे वारली आपल्या घरचीच वाटते. कपावर, कुर्त्यावर, सोसायटीच्या भिंतीवर सगळीकडे दिसते. पण ही लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची कला. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायची. जिव्या सोमा म्हसे यांनी ती भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिला भौगोलिक मानांकनही आहे. तुम्ही वारली समाजातले नसाल तर "वारली शैलीत काढते, अमक्यांकडून शिकले" असं लिहा. "वारली आर्टिस्ट" लिहू नका. माझ्यासारख्या अक्षरवालीने कमल शेडगे यांची नाटकांची शीर्षकं बघत वाढले हे सांगितलं तर माझं काम लहान होत नाही. न सांगता तशीच अक्षरं काढली तर मात्र बघणारा ओळखतोच.

मोठ्याने म्हणा

कागदावरचं वाक्य तोंडात बसतंच असं नाही. आमच्यातला एक फोटोग्राफर ठाणे-वाशी गाडीत सराव करतो. ठाणं सुटलं की मनातल्या मनात सुरू, आणि दिघा गाव यायच्या आत तीनदा म्हणून व्हायला हवं. लोक बघतात म्हणे. कानात इअरफोन घातला की फोनवर बोलतोय असं समजतात.

जिथे अडखळाल तो शब्द तुमचा नाही. तो बदला. जो माणूस घरी "बघ ना" म्हणतो त्याने ओळख करून देताना "अवलोकन" म्हणू नये. आणि इंग्रजीत सांगणं सोपं जात असेल तर इंग्रजीत सांगा, काही बिघडत नाही. फक्त दोन्हींत माणूस एकच असू दे.

काम किती दाखवायचं

आठ ते दहा. बस्स. तिसावं चित्र बघेपर्यंत बघणाऱ्याला पहिलं आठवत नाही. निवडताना स्वतःला जे प्रिय आहे ते आणि जे पुन्हा करायला आवडेल ते, या दोन वेगळ्या याद्या असतात; दुसरीतून निवडा. मला पत्रिका करायचा कंटाळा आला तेव्हा मी त्या दाखवणं बंद केलं. वर्षभरात विचारणा बंद झाल्या. (आता थोडी हळहळ वाटते, मे महिन्यात पैसे बरे सुटायचे.)

प्रत्येक कामाखाली चिठ्ठी हवी. "अनटायटल्ड, मिक्स मीडिया" ही चिठ्ठी नव्हे. माझ्याकडची एक अशी आहे: "नाटकाचं शीर्षक. बोरू आणि काळी शाई, नंतर संगणकावर साफ केलं. २०१९. अक्षरं माझी, जाहिरातीची मांडणी दुसऱ्या डिझायनरची." कशाने केलं, केव्हा, कुणासाठी, आणि त्यात माझा वाटा किती. वाटा प्रामाणिक लिहा. ठाण्यात नाट्यवर्तुळ एवढं लहान आहे की तुम्ही "नेपथ्य माझं" म्हणाल आणि ते ज्याने केलं तो मागच्या रांगेत बसलेला असेल. आमच्याकडे हे एकदा झालंय. चहा फार शांततेत प्यायलो त्या दिवशी.

आता फोटो. चांगलं काम आणि ट्यूबलाइटखाली काढलेला पिवळट-हिरवट फोटो, हे दृश्य मी इतक्यांदा बघितलंय की त्यावरच एक बैठक घेतली होती. महाग कॅमेरा लागत नाही. सकाळी दहा-अकराला ऊन थेट येत नाही अशी खिडकी शोधा. घरातले दिवे बंद करा, कारण दोन रंगांचे उजेड मिसळले की कागद कधीच पांढरा दिसत नाही. फ्रेमची काच काढा. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोलची पांढरी शीट उभी करा, सावली मऊ होते. फोनची लेन्स ओढणीला पुसा, खरंच, सगळ्यांच्या लेन्सवर बोटांचे ठसे असतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली ग्रिड चालू करून फोन चित्राला समांतर धरा, नाहीतर चौकोन पतंगासारखा येतो. वस्तू असेल तर एक फोटो हातात धरून काढा, म्हणजे आकार कळतो. पावसाळ्याआधी मूळ कागदांचे फोटो उरकून घ्या, जुलैत इथला कागद पापडासारखा फुगतो.

आणि हे फोटो कुणाला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून गेलं की ते दाबून लहान केलं जातं आणि तुमची बारीक रेघ तिथेच मरते.

नाव

तलावपाळीच्या काठावर ज्यांच्या नावाचं रंगायतन उभं आहे ते राम गणेश गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोद बाळकराम या नावाने. शिरवाडकर कवितेला कुसुमाग्रज झाले. टोपणनावाची आपल्याला सवय आहे, त्यामुळे इन्स्टाग्रामवर वेगळं नाव घ्यायला माझा विरोध नाही. पण त्या काळी कोण कोण ते सांगायला संपादक होते. आता तुमचं तुम्हालाच सांगावं लागतं. टोपणनाव घ्याल तर सगळीकडे तेच घ्या, आणि बायोत खरं नाव लिहा, निदान चेक कुणाच्या नावाने काढायचा ते तरी कळेल.

खरी अडचण स्पेलिंगची. ज्ञानेश्वर, क्षितिजा, प्रज्ञा ही नावं रोमनमध्ये तीन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. बैठकीत नाव ऐकलेला माणूस घरी जाऊन शोधतो, त्याला तुम्ही सापडत नाही, आणि तो तुमच्याच नावाच्या नाशिकच्या दंतवैद्याला फॉलो करून बसतो. उपाय सोपा: इन्स्टाग्रामवर हँडलखेरीज नावाची वेगळी जागा असते आणि शोधताना तीही बघितली जाते. तिथे देवनागरीत नाव आणि काम दोन्ही लिहा. "अमुक तमुक, सुलेखन, ठाणे" असं. आमच्यातल्या चौघांना एवढ्याने गिऱ्हाईक सापडलंय.

दीडशे अक्षरं

इन्स्टाग्रामचा बायो १५० अक्षरांचा असतो आणि देवनागरीत काना, मात्रा, वेलांटीही त्यात मोजली जाते, त्यामुळे जागा दिसते त्याहून कमी. तिथे सुविचार घालू नका. इमोजींच्या माळा नकोत. माझा असा आहे:

"मराठी अक्षरं काढते: पाट्या, मुखपृष्ठं, अहवाल. आधी नऊ वर्षं हिशेब लिहिले. ठाणे. कामासाठी मेसेज करा."

पाठकोऱ्या कागदावरची पहिली आणि तिसरी गोष्ट, इथे पुन्हा आली बघा. कागदावरचं काम वाया जात नाही.

खाली लिंक एकच द्या. तीन पोस्ट वर टाचून ठेवता येतात, तिथे सगळ्यात नवीन नव्हे तर तुमच्या आठ-दहातली पहिली तीन ठेवा. मुलांचे वाढदिवस आणि कामाचे फोटो एकाच खात्यावर असावेत का, यावर आमच्यात दोन तट आहेत. मी म्हणते वेगळं ठेवा. मातीकामवाली म्हणते तिची मांजर भांड्यांपेक्षा जास्त गिऱ्हाइकं आणते.

फॉलोअर किती, हे विचारलं तर सांगा. न विचारता सांगू नका. चारशे असले तरी आवाज खाली नको, आणि चाळीस हजार असले तर त्यातले ठाण्यातले किती आणि काम देणारे किती हे तुम्हालाच माहीत असतं.

स्वतःचा पत्ता

एक पान स्वतःचं असू द्या. डॉट इनचं नाव वर्षाला साधारण हजाराच्या आतबाहेर मिळतं. त्यावर आठ-दहा कामं, ओळख, संपर्क. झालं. मजकूर चित्रात घालू नका, युनिकोडमध्ये टाइप करा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमधली फाइल आणून चिकटवली की पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेची मुक्त आणि बलू ही फॉन्ट-कुटुंबं फुकट मिळतात आणि फोनवर छान वाचता येतात. जाहिरात नाही ही, मी रोज वापरते.

स्वतःचा पत्ता का, ते माझ्या अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी गाडीत उभी असताना मेसेज आला: तुमच्या पोस्टमुळे कॉपीराइटचा भंग झाला आहे, २४ तासांत हा अर्ज भरा नाहीतर खातं बंद होईल. गर्दी, एक हात वरच्या कडीला. अंगठ्याने लिंक दाबली, पासवर्ड भरला. कल्याणला उतरेपर्यंत माझ्या नावावर कुणीतरी बिटकॉइन विकत होतं. सहा वर्षांची पोस्ट, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं गेलं. चूक माझी, दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डाखेरीज आणखी एक कोड मागणारी) मी "नंतर करू" म्हणून ठेवली होती.

म्हणून आजच करा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, शक्यतो ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर. त्यातून मिळणारे बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. वर्षातून दोनदा खात्यातला सगळा माल डाउनलोड करून हार्ड डिस्कवर काढा.

मुलींसाठी, आणि खरं तर सगळ्यांसाठी: घरचा पत्ता कुठेही टाकू नका. कामासाठी वेगळं सिम आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस. पहिली भेट रंगायतनच्या बाहेर किंवा माणसं असतील अशा हॉटेलात. "घरी येऊन नमुने बघतो" म्हणणाऱ्याला नमुने डॉक्युमेंट म्हणून पाठवता येतात.

दाखवायचा हक्क

हे रूक्ष आहे, पण वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे काम तयार झालं की हक्क आपोआप येतो, नोंदणी सक्तीची नाही. मात्र पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो किंवा व्यक्तिचित्र असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक काम देणारा ठरतो. ते कलम १७ मध्ये आहे. म्हणजे लग्नाचे फोटो तुम्ही काढलेत तरी ते तुमच्या पानावर टाकायला त्या जोडप्याला विचारायला हवं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. कलम १९. आणि हक्क विकला तरी हे काम माझं आहे असं सांगण्याचा अधिकार कलम ५७ खाली तुमच्याकडे राहतो.

माझ्या प्रत्येक कोटेशनच्या तळाशी एक ओळ असते: "पूर्ण झालेलं काम माझ्या नावासह माझ्या पोर्टफोलिओत दाखवता येईल." आजवर दोघांनीच ती खोडली. एकाने कारण सांगितलं, ते पटलं. दुसऱ्याचं काम मी घेतलं नाही.

माणसांत जाताना

स्वतःचं सांगून झालं की गप्प बसून ऐका. समोरच्याला "नोकरी कुठे?" विचारू नका. "सध्या हातात काय आहे?" हा आमच्याकडचा प्रश्न आहे, आणि "काहीच नाही" हेही त्याचं सभ्य उत्तर आहे. वयाने मोठ्यांना अहो-जाहो, त्यांनी "अरे, तू म्हण" म्हटलं तरी दोन भेटी थांबा. कामाचे दर काय घेता हे पहिल्या चहाला विचारू नका, तिसऱ्याला विचारा, लोक सांगतात. आणि ग्रुपमध्ये घेतल्या घेतल्या रीलची लिंक टाकायची नाही. आधी दुसऱ्या कुणाच्या कामावर एक खरं वाक्य लिहा. "खूप छान" हे खरं वाक्य नाही; "तिसऱ्या फोटोतला छत्रीचा लाल आवडला" हे आहे.

माणसं भेटतात कुठे? ठाण्यात गडकरी रंगायतन आणि घोडबंदरच्या बाजूला काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, वाशीला विष्णुदास भावे. नाटक बघाच, पण मध्यंतरातला बटाटेवडा खाताना पोस्टरच्या कोपऱ्यातली बारीक नावंही वाचा. उद्या तुम्हाला काम देणारे तिथे छापलेले असतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, तिथल्या दिवाळी अंकांच्या ढिगातून मी मुखपृष्ठं शिकले. हातकाम करणाऱ्यांनी बेलापूरच्या अर्बन हाटात, म्हणजे हस्तकलेच्या बाजारात, एक दिवस नुसतं हिंडावं, दुकान लावायच्या आधी. अक्षरांची गोडी असेल तर सुलेखनकार अच्युत पालव नवी मुंबईतच शिकवतात. नुसतं बसून चित्रं काढायची तर उपवन, पण रविवारी संध्याकाळी नको, स्केचबुकात कणीस आणि बुढ्ढी के बाल येतात.

बैठकीला येताना फोन चार्ज करून आणा, आणि निदान दोन कामं छापील आणा. कागद हातोहात फिरतो, फोन कुणी दुसऱ्याच्या हातात देत नाही.

एवढं सगळं करून झालं की विसरून जायचं नाही, दर सहा महिन्यांनी उघडून बघायचं. अनोळखी ब्राउझरमधून स्वतःचं नाव शोधायचं, लिंका दाबून बघायच्या, जुनं काम काढून नवीन लावायचं. हे मी सगळ्यांना सांगते. माझ्या पानावर परवापर्यंत "सध्या २०२२ च्या दिवाळी अंकांच्या कामात" असं लिहिलेलं होतं. दाखवून दिलं ती मुलगी दहावीत आहे, आईबरोबर पहिल्यांदाच आली होती, आणि तिची स्वतःची ओळख अजून सांगून व्हायची होती.